पिंपातलं गोड विष

१९८६ सालच्या जानेवारी-फेब्रुवारीतली गोष्ट. भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात डोक्याच्या दुखण्यासाठी दाखल झालेल्या काही रुग्णांची लघवी अचानक कमी होऊ लागली आणि एक-दोन दिवसांत पार थांबली. एकामागून एक रुग्णाची मूत्रपिंडं निकामी होत होती. त्यांच्या मूळ आजारात असं काही व्हायचं कारण नव्हतं. डॉक्टरांनी केसपेपर शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा सगळ्यांत एक औषध समान निघालं, ते म्हणजे ग्लिसरीन.

कवटीच्या आतला वाढलेला दाब उतरवण्यासाठी तेव्हा रुग्णाला ग्लिसरीन पाजत. रुग्ण शुद्धीवर नसेल तर नाकातून पोटात घातलेल्या नळीतून ते सोडत. उपाय जुना होता, स्वस्त होता आणि त्याची कुणाला भीती वाटत नसे. पण त्या हिवाळ्यात रुग्णालयात आलेलं ग्लिसरीन निव्वळ ग्लिसरीन नव्हतं. प्रयोगशाळेत तपासल्यावर त्यात १८.५ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं. तोवर चौदा रुग्ण दगावले होते.

हे डायएथिलीन ग्लायकॉल ग्लिसरीनचा तोतया भाऊ म्हणावा असं आहे. त्याला रंग नाही, वास जवळजवळ नाही, चव गोडसर आणि धार दाट. दोन बाटल्या शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना किंवा जिभेला फरक सहज कळत नाही. कारखान्यांत त्याचे उपयोग पुष्कळ आहेत. गाडीच्या ब्रेक ऑइलमध्ये ते असतं, थंड प्रदेशात इंजिनातलं पाणी गोठू नये म्हणून वापरायच्या मिश्रणात असतं, रेझिन आणि शाईच्या धंद्यातही लागतं. औषधी प्रतीच्या ग्लिसरीनपेक्षा ते बरंच स्वस्त पडतं, आणि तोतयाला घरात शिरायला वाट मिळते ती या फरकातूनच.

पोटात गेल्यावर यकृतात त्याचं रूपांतर होतं. त्यातून डायग्लायकोलिक आम्ल तयार होतं, ते मूत्रपिंडाच्या बारीक नलिकांच्या पेशींत साचतं आणि त्या पेशी मरतात. सुरुवातीला मळमळ, उलट्या, पोटदुखी आणि गुंगी येते. घरच्यांना वाटतं, मूळचा तापच बळावला आहे. मग लघवी थांबते. त्यानंतर हातापायांतली आणि चेहऱ्यावरची ताकद जाते, आणि शेवटी रुग्ण बेशुद्ध होतो. दहा-बारा किलोच्या लेकराला त्यासाठी फार काही लागत नाही. दोन-तीन दिवस दिलेलं चमचाभर औषधही पुरतं.

जे. जे.मध्ये जे घडलं ते वैद्यकाला नवं नव्हतं. जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वी अमेरिकेत याच द्रवाने शंभरावर माणसं मारली होती, आणि औषधांच्या चाचणीचा आजचा कायदा जन्माला आला तो त्या मृत्यूंतून.

१९३७ साली सल्फानिलामाइड हे औषध ऐन बहरात होतं. घशाचे आणि जखमांचे जंतुसंसर्ग त्याने बरे होत. पेनिसिलिन अजून बाजारात आलं नव्हतं. गोळ्या आणि पूड मिळायची, पण लहान मुलांना पाजण्याजोगं पातळ औषध नव्हतं. टेनेसी राज्यातल्या ब्रिस्टल गावच्या मॅसेन्गिल कंपनीकडे दक्षिणेतून अशा औषधाची मागणी येऊ लागली. कंपनीचे मुख्य रसायनज्ञ हॅरल्ड वॉटकिन्स यांना आढळलं की सल्फानिलामाइड डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये छान विरघळतं. त्यांनी त्यात रासबेरीचा स्वाद घातला. कंपनीच्या प्रयोगशाळेने मिश्रणाचा रंग पाहिला, वास पाहिला, चव पाहिली. ते कुठल्या प्राण्याला पाजून पाहिलं नाही, कारण कायदा तसं सांगत नव्हता. सप्टेंबरमध्ये ६३३ ठिकाणी माल रवाना झाला.

ऑक्टोबरात ओक्लाहोमातल्या टल्सा गावच्या डॉक्टरांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनला कळवलं की या औषधानंतर रुग्ण दगावताहेत. असोसिएशनने नमुना तपासला आणि विष ओळखलं. कंपनीने हजाराहून अधिक तारा पाठवून माल परत मागवला, पण पहिल्या तारांत हे औषध जिवावर बेतू शकतं असा उल्लेख नव्हता. सरकारी औषध प्रशासनाने दबाव आणल्यावर दुसऱ्या तारा गेल्या, आणि त्यांत तो आला.

मग जो शोध सुरू झाला तो आजही अंगावर काटा आणतो. प्रशासनाचे निरीक्षक आणि रसायनज्ञ मिळून २३९ जण होते. ते जवळजवळ सगळेच दुकानांच्या वह्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि विक्रेत्यांच्या याद्या घेऊन गावोगाव फिरू लागले. काही वेळा डॉक्टरांनी रुग्णाचं पूर्ण नावही लिहून ठेवलेलं नसे. टेक्सासमधल्या एका विक्रेत्याने माल कुणाकुणाला दिला ते सांगायला नकार दिला. तुरुंगात टाकल्यावर त्याने तोंड उघडलं. पूर्व टेनेसीत एक कुटुंब औषध घेऊन डोंगराळ मुलखात राहायला गेलं होतं, सोबत तीन वर्षांचा मुलगा होता. त्याला शोधायला प्रशासनाच्या रसायनज्ञाबरोबर जाता यावं म्हणून तिथल्या एका डॉक्टरने स्वतःचं लग्न पुढे ढकललं. तयार झालेल्या २४० गॅलनपैकी २३४ गॅलन माल हाती लागला. उरलेल्याने १०५ माणसं मारली, त्यांत ३४ मुलं होती.

एवढं होऊनही खटला भरायला कायद्यात नीटसं कलम सापडेना. शेवटी लेबलावरच्या एका शब्दाचा आधार मिळाला. बाटलीवर ‘एलिक्सिर’ असं छापलं होतं. एलिक्सिर म्हणजे मद्यार्कात केलेलं औषध, आणि यात मद्यार्क नव्हता. म्हणजे गुन्हा ठरला तो चुकीच्या नावाचा. बाटलीवर साधं ‘द्रावण’ लिहिलं असतं तर माल जप्त करायलाही आधार उरला नसता. कंपनीला २६,१०० डॉलर दंड झाला. मालकाने जबाबदारी नाकारली. वॉटकिन्स यांनी आत्महत्या केली.

२५ जून १९३८ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी नव्या कायद्यावर सही केली. नवं औषध विकण्याआधी ते निर्धोक असल्याचा पुरावा उत्पादकाने सरकारपुढे ठेवायचा, ही अट तिथून आली. शिकागो विद्यापीठात या एलिक्सिरची प्राण्यांवर तपासणी झाली, तेव्हा त्या कामात फ्रान्सिस ओल्डहॅम नावाची एक विद्यार्थिनी होती. पुढे तीच फ्रान्सिस केल्सी म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनात आली. १९६० साली तिच्या टेबलावर थॅलिडोमाइडचा अर्ज पडला. अनेक देशांत ते झोपेचं औषध म्हणून आधीच विकलं जात होतं. केल्सीने पुरावा अपुरा म्हणून परवानगी अडवून धरली. कंपनीचे लोक वारंवार खेटे घालत राहिले, तरी ती हटली नाही. दरम्यान गरोदरपणात हे औषध घेतलेल्या आयांना हात-पाय खुंटलेली मुलं झाली. जगभरात अशा मुलांची संख्या दहा हजारांवर गेली. त्यानंतर १९६२ साली कायद्याला आणखी दोन अटी जोडल्या गेल्या. औषध गुणकारी असल्याचाही पुरावा हवा, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याची समजून-उमजून दिलेली संमती हवी.

औषध आधी तपासावं, मग द्यावं ही रीत मुंबईला मात्र त्याच्याही कितीतरी आधीपासून ठाऊक होती. आणि ती जिथे पाळली गेली ती जागा जे. जे.च्याच आवारात आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेग ओळखला. मुंबई रिकामी होऊ लागली. ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन कलकत्त्याहून आले. ओडेसात जन्मलेले आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले हे शास्त्रज्ञ. जे. जे.ला लागून असलेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि व्हरांडा मिळाला, मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. तीन महिन्यांत त्यांनी लस तयार केली. आधी प्राण्यांना टोचून पाहिली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली, तीही पुढे लोकांना दिली त्यापेक्षा जास्त मात्रेत. ताप चढला, टोचलेल्या जागी दुखलं, आणि काही दिवसांत ते बरे झाले. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तिथल्या कैद्यांपैकी जे पुढे आले त्यांना लस दिली आणि बाकीच्यांशी तुलना केली. कैद्याने दिलेल्या संमतीला कितपत मोकळी म्हणायचं, हा प्रश्न आजची कुठलीही नीतिसमिती विचारेल आणि विचारायलाच हवा. पण एका गटाला औषध द्यायचं, दुसऱ्याला नाही, आणि दोन्हींची नोंद ठेवायची, हा आजच्या चाचणीचा सांगाडा तिथे उभा होता.

पाच वर्षांनी त्याच लसीने दुसरा धडा दिला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली. त्यांतले १९ जण धनुर्वाताने गेले. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती, ५३-एन क्रमांकाची. बाकीच्या बाटल्यांनी कुणाला काही झालं नाही. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना कामावरून दूर व्हावं लागलं. नंतर पुरावा असा पुढे आला की गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडलं. परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्यांचं नाव मिळालं.

या दोन प्रसंगांत औषध तपासणीच्या दोन वेगळ्या वाटा दिसतात. पहिली वाट नव्या औषधाची. आधी प्राण्यांवर प्रयोग, मग थोड्या निरोगी स्वयंसेवकांवर, मग काहीशे रुग्णांवर, मग हजारोंवर, आणि बाजारात आल्यावरही नजर ठेवायची. या टप्प्यांची नियमावली भारतात १९८८ साली अनुसूची ‘वाय’ म्हणून आली आणि २०१९ साली तिच्या जागी नवे नियम आले. दुसरी वाट जुन्या औषधाची. ती रोजची आणि कंटाळवाणी. औषध शंभर वर्षं माहितीचं असलं तरी आज आलेलं पिंप, आज भरलेली बाटली, आज निघालेला बॅच तपासायचा. ग्लिसरीनचे गुण सिद्ध करायची १९८६ साली कुणाला गरज नव्हती. ड्रममध्ये ग्लिसरीनच आहे ना, एवढंच पाहायचं होतं.

ते पाहण्याचा कायदाही होता. हिंदुस्थानात भेसळीची औषधं बोकाळली म्हणून १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. पुढच्या वर्षी तिचा अहवाल आला. त्यावर कायदा व्हायला १९४० साल लागलं. औषध कायदा झाला, १९४५ साली नियम झाले, राज्याराज्यांत निरीक्षक आणि प्रयोगशाळा आल्या.

जे. जे.च्या मृत्यूंची चौकशी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्याकडे सोपवली गेली. आयोगापुढे डॉक्टर, भांडारातले कर्मचारी, पुरवठादार, अधिकारी आणि मंत्री येऊन साक्ष देऊन गेले. उद्योगात वापरायचं ग्लिसरीन औषध म्हणून रुग्णालयात कसं पोचलं, याचा माग आयोगाने टप्प्याटप्प्याने काढला. निविदेपासून वॉर्डापर्यंतच्या वाटेवर खरेदी करणारे होते, माल उतरवून घेणारे होते, परवाना देणारे होते, नमुने तपासण्याची जबाबदारी असलेले होते. प्रत्येकाने धरून चाललं की आपल्या आधीच्याने पाहिलं असेल. १९८८ साली अहवाल लोकांपुढे आला. त्याने आरोग्य खात्याला आणि औषध प्रशासनाला कठोर शब्दांत दोषी धरलं आणि राज्याच्या आरोग्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं. त्याच वर्षी औषध कारखान्यांसाठी चांगल्या उत्पादनपद्धतींची अनुसूची ‘एम’ देशभर लागू झाली.

मात्र ही साखळी फक्त मुंबईत तुटली नव्हती. १९७२ साली मद्रासमध्ये अशाच औषधाने १४ मुलं गेली होती. १९९८ साली गुरगावात खोकल्याच्या औषधानंतर ३६ मुलं आजारी पडली, ३३ दगावली. २०१९-२०च्या हिवाळ्यात जम्मूतल्या उधमपूर जिल्ह्यात रामनगरला किमान बारा. बांगलादेशात १९९०च्या सुमारास पॅरासिटामॉलच्या सिरपने, हैतीत १९९५-९६ साली तापाच्या सिरपने लहानग्यांचे बळी घेतले. पनामात २००६ साली सरकारी कारखान्यानेच खोकल्याचं औषध बनवलं होतं. त्यासाठी आलेलं ‘ग्लिसरीन’ चीनमधून निघालं, स्पेनच्या व्यापाऱ्याकडून पनामात गेलं, आणि वाटेत प्रत्येक ठिकाणी नुसता कागद बदलला. पिंप उघडून कुणी पाहिलं नाही. शंभराहून अधिक माणसं गेली.

५ ऑक्टोबर २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने गांबियातल्या सुमारे ७० मुलांच्या मृत्यूंच्या संदर्भात चार सिरपांबद्दल इशारा दिला. ही सिरपं हरियाणात बनलेली होती. त्याच वर्षअखेर उझबेकिस्तानातून तशीच बातमी आली, आणि तिथलं सिरप नोएडाचं होतं. इंडोनेशियात तिथेच बनलेल्या औषधांनी दोनशेहून अधिक मुलं गेली. १ जून २०२३ पासून भारतातून बाहेर जाणारं प्रत्येक खोकल्याचं सिरप आधी सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासून घेणं बंधनकारक झालं. देशातल्या देशात विकल्या जाणाऱ्या बाटलीला ती अट नव्हती.

या सगळ्या यादीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. बळी गेलेल्यांतली बहुतेक मुलं साध्या सर्दी-खोकल्याची, तापाची होती. लहान मुलाचा सर्दी-खोकला बहुधा आठवड्याभरात आपोआप उतरतो आणि सिरपने तो लवकर बरा होतो असा भक्कम पुरावा नाही. उलट क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन ही जोडी चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना बाटलीवर छापायला केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं. तरी घराघरात फ्रिजच्या दारात अर्धी उरलेली बाटली असते. मागच्या वेळी थोरल्याला दिलेलं औषध धाकट्याला दिलं जातं, मेडिकलवाल्याला लक्षणं सांगून नवी बाटली आणली जाते, झाकणाच्या मापाऐवजी स्वयंपाकघरातला चमचा घेतला जातो. आईबापांनी हे प्रेमापोटी केलेलं असतं. रात्रभर खोकणारं लेकरू पाहवत नाही. म्हणूनच ज्या औषधाची मुळात गरज नव्हती त्यातून विष गेलं, ही गोष्ट ऐकताना जीव अधिक तुटतो.

हे विष ओळखायला फार मोठी यंत्रसामग्री लागते असं नाही. सिलिकाचा पातळ थर दिलेली तळहाताएवढी पट्टी घ्यायची. तिच्या खालच्या कडेपासून थोडं वर एका ओळीत तीन थेंब द्यायचे. एक खात्रीच्या ग्लिसरीनचा, एक डायएथिलीन ग्लायकॉलचा, एक नव्या ड्रममधल्या मालाचा. पट्टी द्रावकाच्या उथळ भांड्यात उभी करायची. द्रावक शोषला जाऊन वर चढतो आणि प्रत्येक पदार्थाला आपल्या चालीने सोबत नेतो. पट्टी वाळवून रंग देणारं रसायन फवारलं की ठिपके उमटतात. ग्लिसरीनचा ठिपका खालीच राहतो, डायएथिलीन ग्लायकॉल पुढे निघून जातं. नव्या मालाच्या रेघेत वरचा ठिपका दिसला की ड्रम बाजूला काढायचा. किती टक्के ते नेमकं मोजायला मग गॅस क्रोमॅटोग्राफी आहेच. औषधी प्रतीच्या मालात मर्यादा ०.१ टक्का.

सप्टेंबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, परासिया भागात, पाच वर्षांखालच्या मुलांना ताप-सर्दीनंतर लघवी होईनाशी झाली. आईबाप त्यांना घेऊन नागपूरला निघाले. छिंदवाड्याहून तो रस्ता सव्वाशे किलोमीटरचा. नागपूरच्या रुग्णालयांत डायलिसिस झालं, कुणाला कृत्रिम श्वास द्यावा लागला. एवढ्या लहान मुलांची मूत्रपिंडं एकाच गावपट्ट्यात का बंद पडताहेत ते कळेना, म्हणून मूत्रपिंडाचा कणभर तुकडा काढून तपासायला दिला गेला. त्यातल्या मेलेल्या नलिकांनी संशय औषधाकडे वळवला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तामिळनाडूच्या औषध प्रशासनाने तिथेच बनलेल्या, या मुलांना दिलेल्या सिरपचा नमुना तपासला आणि त्यात डायएथिलीन ग्लायकॉल निघालं ४८.६ टक्के. वीसहून अधिक मुलं गेली. त्याच आठवड्यात केंद्रीय नियंत्रकांनी सर्व राज्यांना कळवलं की कच्च्या मालाचा आणि तयार औषधाचा प्रत्येक बॅच बाजारात जाण्याआधी तपासला जातो याची खात्री करा. पट्टीवरचा तो वरचा ठिपका कारखान्याच्या दारातच दिसू शकला असता. तो दिसला शेवटी नागपुरात, सूक्ष्मदर्शकाखाली, एका लेकराच्या मूत्रपिंडाच्या तुकड्यात.